जुन्या नावाची कार्डं

आमचा जिल्हा बदलला तेव्हा मी कॉलेजात नुकतीच गेले होते. मंठ्याजवळचं आमचं गाव तोवर परभणी जिल्ह्यात होतं, ते एका दिवसात जालना जिल्ह्यात गेलं. गावात कुणाच्या आयुष्यात काडीचाही फरक पडला नाही. काम वाढलं ते फक्त पोस्टमनचं. पुढची कितीतरी वर्षं लोक पत्त्यावर परभणीच लिहीत राहिले, आणि पत्रं तिकडे एखादा मुक्काम करून आमच्याकडे येत राहिली. पोस्टमन आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणायचा, "जिल्हा बदलला तरी पत्र बराबर येऊन राह्यलं बघा. गाव काय कुठं पळून गेलं न्हाई."

हे बोलणं मला फार उशिरा आठवलं, आणि आठवलं तेव्हा रागच आला. गावाला जी सवलत मिळाली ती मला मिळाली नाही. मी ती मागितलीही नाही, हे त्यातलं जास्त वाईट.

माझ्या नावावर एकच पेपर आहे ज्याला पेपर म्हणावं. बाकीचे दोन आहेत, पण ते असून नसल्यासारखे. तो एक मी पीएच.डी. करताना लिहिला. त्या काळी कापसाच्या पानातून डीएनए काढणं ही मोठी कटकट होती. पान वाटलं की त्याचा तपकिरी, चिकट गाळ व्हायचा आणि डीएनए त्यातच अडकून बसायचा. सहा महिने मी तो गाळ मोरीत ओतत होते. दिवाळीला गावी गेले तर आई वांगी चिरून मिठाच्या पाण्यात टाकत होती, काळी पडू नयेत म्हणून. जन्मापासून बघितलेली गोष्ट. परत गेल्यावर मी द्रावणातलं मीठ भरपूर वाढवून पाहिलं. एकट्या मिठानं भागलं नाही, पुढे बरंच काही करावं लागलं, पण सुरुवात तिथून झाली, आणि एका दुपारी काचेच्या कांडीला पांढरा स्वच्छ दोरा गुंडाळला गेला. मी तो सगळ्या विभागाला दाखवत फिरले. शिपायालाही दाखवला. तो म्हणाला, "एवढ्यासाठी एवढा खटाटोप?"

पेपर परदेशातल्या एका नियतकालिकानं घेतला. पहिलं नाव माझं, दुसरं माझ्या मार्गदर्शक सरांचं. तळटीपेत लेखकाचा कायमचा पत्ता द्यायचा होता. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, विभागात किती दिवस राहीन याचा भरवसा नव्हता, म्हणून सर म्हणाले, गावचा दे. मग त्या परदेशी पानावर आमचं गाव, व्हाया मंठा, जिल्हा जालना असं छापून आलं. आबांनी ते पान वरून खाली, खालून वर पाहिलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण माझं नाव कोणतं ते एकदा विचारून घेतल्यावर ते बोटानं बरोबर दाखवायचे. येईल त्याला सांगायचे, "हिच्या आईच्या वांग्याचं हाये हे सगळं." आई लाजून आत जायची.

नियतकालिकानं पेपरच्या पंचवीस सुट्या प्रती पाठवल्या. तेव्हा आतासारखं बटण दाबून वाचायची सोय नव्हती. ज्याला पेपर हवा तो लेखकाला एक छापील कार्ड पाठवायचा, की कृपया आपल्या अमुक पेपरची प्रत मिळावी. अशी कार्डं येणं म्हणजे आपलं काम कुणीतरी वाचतंय, वापरतंय. सरांकडे अशा कार्डांनी भरलेला एक ड्रॉवर होता. पाहुणा आला की टाचणी शोधायच्या निमित्तानं ते तो उघडत. आपलाही एक ड्रॉवर असावा, एवढीच माझी तेव्हाची महत्त्वाकांक्षा होती. पंचवीस प्रती मी आबांच्या लोखंडी पेटीत ठेवल्या आणि त्यांना सांगितलं, बाहेरदेशाहून कार्ड आलं तर मला कळवा.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा बँकेत, घर नवीन जालन्यात. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो, बायका हसतात, पेढे वाटतात. माझं पहिलं नाव बदललं, मधलं वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव तर जाणारच होतं. एका ताटभर तांदळात तीन नावं गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे मी खरं सांगते. नवं नाव मला आवडलं होतं. सासऱ्यांनी तर हौसेनं अर्ज करून पीएच.डी.ची पदवीही नव्या नावानं मिळवून दिली.

एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं. शेजारी लोखंडाचे कारखाने, खिडकीच्या काचेवर दिवसभरात काजळी बसायची. काम म्हणजे बियाणं किती उगवतं ते मोजायचं आणि लॉट पास की नापास ते लिहायचं. वाईट नव्हतं, पण पहिल्या आठवड्यात जे शिकले तेच पंधराव्या वर्षी करत होते. मनात एकच होतं, की विद्यापीठात जागा निघेल, आपण परत जाऊ, पुन्हा पानं वाटू. तोपर्यंत कार्डांची वाट बघायची.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एकदा संध्याकाळी कामावरून आले तर सासूबाई म्हणाल्या, "तुमचे वडील येऊन गेले. थांबा म्हटलं, थांबले नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही." पाण्याचं मला नवल नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत आबा पाळायचे. पण इतक्या लांब एसटीनं येऊन मला न भेटता गेले याचा मला भयंकर राग आला. पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते ऐकून घेत राहिले. शेवटी मी विचारलं, "आबा, माझं काही कार्ड आलं का?"

"न्हाई माय," ते म्हणाले. लग्नानंतर ते मला नावानं हाक मारत नसत, नुसतं माय म्हणत. एवढं बोलून ते बैलांना पाणी पाजायला गेले.

पुढेही मी दर खेपेला विचारायची. उत्तर तेच. मग हळूहळू विचारणं सोडलं. पेपर बुडाला, असं मी समजून घेतलं. जगात हजारो पेपर छापून येतात आणि कुणी वाचत नाही, त्यातलाच आपला एक. मुलगी झाली, तिच्या मागे दिवस गेले. मुलगी झाल्यावर रीत संपली, तरी आबा माझ्या घरी पाणी घेत नसत. बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर बसत, नातीला खेळवत, आणि तांब्या पुढे केला की म्हणत, "आत्ताच पेलो स्टँडवर." मी चिडायची. किती जुनाट माणूस, म्हणायची. त्यांच्या तोंडावरही म्हटलंय.

लग्नाला सात-आठ वर्षं झाली आणि विद्यापीठात खरोखर जागा निघाली. माझ्याच विषयाची, जणू माझ्यासाठीच. वयाची अट पाहता ती माझी शेवटचीच संधी होती. नवरा म्हणाला, भर अर्ज, बदलीचं मी बघतो. मी रात्रंदिवस तेवढंच बोलत होते. अर्जासोबत प्रकाशित पेपरांची यादी द्यायची होती आणि त्यांचे इतर शास्त्रज्ञांनी किती उल्लेख केले तेही लिहायचं होतं. यादी घेऊन मी विद्यापीठाच्या खिडकीवर गेले. तिथल्या क्लार्कनं पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, या पेपरवर तर तुमचं नाव न्हाई."

मी म्हटलं, हे माझं माहेरचं नाव.

"पदव्यांचं ॲफिडेव्हिट हाये तुमचं, ते चालतं. पेपरचं काय करतेत मला म्हाईत न्हाई. कमिटी विचारीत बसंल, ही बाई कोन, अन् तुमचा काय संबंध. कशाला भानगड? दुसरे दोन हायेत की तुमचे."

माणूस भला होता, माझं भलंच बघत होता. मी वाद घालायला हवा होता. मी वाद घालण्यात कमी नाही, घरचे सगळे सांगतील. पण मला वाटलं, नाहीतरी त्या पेपरला कुणी विचारलं नाही, त्याच्यासाठी काय भांडायचं. तिथल्या तिथे निळ्या पेननं मी ती ओळ खोडली. राहिले ते कंपनीत असताना बियाण्यांच्या चाचणीवर लिहिलेले दोन फुटकळ पेपर.

मग हैदराबादला कंपनीचं काम निघालं आणि मी तिथल्या एका मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयात गेले. कुणाच्या पेपरचा कुणी उल्लेख केला याची सूची छापणारे जाडजूड ग्रंथ तिथे होते. एवढ्या बारीक अक्षरात, की ग्रंथपालानं न मागता भिंग दिलं. सूची लेखकाच्या आडनावानं लावलेली. मी माझं आडनाव काढलं. नवऱ्याचं. त्या आडनावाची माणसं तिथे बरीच होती, पण माझी आद्याक्षरं कुठेच नव्हती. मी एका वर्षाचा ग्रंथ पाहिला, दुसऱ्याचा पाहिला, सहा वर्षांचे पाहिले. एकही ओळ नाही. मी भिंग परत केलं आणि स्टेशनवर येऊन बसले.

आता जे सांगायचं तेच सगळ्यात अवघड आहे. त्याच फळीवर, हात लांब केला तर पोचेल एवढ्या अंतरावर, माझ्या माहेरच्या आडनावाचा ग्रंथ होता. तो काढून बघावा असं माझ्या मनातही आलं नाही. विसरले म्हणावं तर तेही खोटं ठरेल. विसरलेली गोष्ट कधीतरी आठवते. मी शोधायला गेले होते ते स्वतःला, आणि स्वतः म्हणजे नवं नाव, हे माझ्यात इतकं मुरलं होतं की दुसरीकडे बघायचं कारणच वाटलं नाही.

मुलाखतीत चार जण होते. एकानं, वयस्कर आणि सौम्य, विचारलं, "बाई, तुमच्या कामाचा कुणी उल्लेख केलाय का? एखादा तरी?" त्यांना मला घ्यायचं होतं असं मला अजूनही वाटतं. मी म्हटलं, "नाही सर. मी स्वतः तपासून आले." माझ्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटलं असावं. जागा दुसऱ्याला मिळाली. मी परत एमआयडीसीत आले, काच पुसली आणि लॉट मोजायला लागले. त्यानंतर विद्यापीठाच्या जाहिराती बघणं मी बंद केलं.

पुढे काही वर्षांनी सासूबाई गेल्या. दिवसांना त्यांचा थोरला भाऊ आला, बदनापूरकडचा, काठी टेकत. दारातच तो बहिणीचं नाव घेऊन रडायला लागला. ते नाव आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या पोटच्या मुलालाही नाही. क्षणभर आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, की हा कुणासाठी रडतोय. पंधरा वर्षं ज्या बाईबरोबर मी एका चुलीवरचं जेवले तिचं माहेरचं नाव मला ती गेल्यावर कळलं.

तेराव्याला आबा आले. सगळे पांगल्यावर त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बोलावलं आणि पिशवीतून फडक्यात बांधलेला गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. कार्डं होती. वेगवेगळ्या देशांची, रंगीत तिकिटांची, कडा पिवळ्या पडलेली. प्रत्येकावर माझं माहेरचं नाव, आणि खाली आमचं गाव.

"पहिलं कार्ड घेऊन मी इथं आल्तो," आबा म्हणाले. "तू कामावर व्हतीस. विहीणबाईंनी कार्ड पाह्यलं, नाव इचारलं अन् म्हनल्या, पाव्हणे, या नावाचं या घरात कुणी न्हाई. वाईट बोलल्या न्हाईत. खरं तेच बोलल्या. पन मला वाटलं, परक्या मानसांची पत्रं, जुन्या नावानं, रोज दारात येणार. तुझ्या संसारात खडा नको. मंग मी तुला बोललोच न्हाई."

"आणि प्रती?" मी विचारलं.

"त्या देल्या की धाडून. शाळेतल्या मास्तराकडून पत्ता लिहून घ्यायचो अन् मंठ्याला पोस्टात टाकायचो. बी मागायला आलेल्या मानसाला कुणी रिकामं पाठवतं का? सरल्या मंग थांबलो. एक राखून ठिवली तुझ्यासाठी."

त्याही दिवशी ते पाणी न घेता गेले. खुर्ची रिकामी झाल्यावर मला त्या पाण्याचा अर्थ लागला. ज्या घरात लेकीच्या नावाला जागा नाही तिथला घोट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता, आणि मी पंधरा वर्षं त्यांना जुनाट म्हणत होते.

तोवर कंपनीत इंटरनेट आलं होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी संगणकासमोर बसले आणि माहेरचं आडनाव टाकलं. बोटं अडखळली, अक्षरं दोनदा चुकली. मग यादी उघडली. माझ्या पेपरचा उल्लेख करणारे पेपर एकाखाली एक, पडदा भरून, आणि खाली पुढचं पान, त्याच्याही पुढचं. कापूस, भेंडी, आंबा, चिंच, ज्या ज्या पानाचा गाळ होतो त्यावर काम करणारे लोक माझी पद्धत वापरत होते. कितीतरी उल्लेख माझ्या मुलाखतीच्या आधीचे होते. मी हैदराबादला भिंग घेऊन बसले होते त्या दिवशीही ते त्या फळीवर छापलेले होते. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. मग डबा न उघडता परत कामाला लागले आणि त्या दुपारी तीन लॉटचे आकडे चुकवले. लॅबमधल्या मुलींनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी हो म्हटलं.

कुणावर रागवावं ते मला ठरवता येईना. सासूबाई गेल्या होत्या, आणि त्यांचं स्वतःचं नाव त्यांच्याही आधी गेलं होतं. क्लार्क बिचारा. आबांवर तर रागवायची सोयच नव्हती, त्यांनी माझा संसार जपला. फिरून फिरून ग्रंथालयातली ती फळी दिसायची आणि तिच्यासमोर बसलेली मी.

त्या हिवाळ्यात आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्यात झालं आणि दोन दिवस ते नाइलाजानं माझ्याकडे राहिले. बाहेरच्या खोलीत कॉट टाकली होती. पहिल्याच संध्याकाळी डोळ्यात औषध घालून, पट्टी पुन्हा लावून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. एका डोळ्यावर पट्टी होती, दुसऱ्यानं आधीपासूनच धुरकट दिसायचं.

"माय, एक विचारतो. खरं सांग. तू ते विद्यापीठात गेल्ती ना नोकरीला. तवा ही कार्डं तुझ्यापाशी असती, तर काम झालं असतं का?"

हा प्रश्न ते किती दिवस जवळ बाळगून होते कोण जाणे. पट्टी होती म्हणून बरं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता.

"नाही आबा," मी म्हटलं. "नुसती कार्डं कोण बघतं? तिथे लोकांनी आपल्या कामाचा उल्लेख करावा लागतो. तसा कुणी केला नव्हता. मी स्वतः तपासून आले होते."

मुलाखतीत बोलले होते तेच शब्द. तेव्हा मला ते खरे वाटले होते.

आबांनी श्वास सोडला, हात सोडला. "बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. "मला उगंच लागून राह्यल्तं. पानी आण."

मी तांब्या-भांडं आणून त्यांच्या हातात दिलं. माझ्या घरचं पाणी ते पहिल्यांदा प्याले, सगळं, थांबून थांबून. मग मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. नळ सोडला, बाहेर काही ऐकू जाऊ नये म्हणून. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि नळ बंद केला.

बाहेरून आबा कुणाला तरी हाक मारत होते. नाव घेऊन, मोकळ्या आवाजात, गावाकडे शेतातून मारतात तशी. मी ओ दिली नाही. मला वाटलं, कुणी आलंय वाटतं त्यांना भेटायला. दुसरी हाक आली. तिसरी आली तेव्हा कुठे मला कळलं, की ते मलाच बोलवताहेत.